वॉर्म टोनसाठी पिकअप: आधी मल्टीमीटर, मग पाकीट

इलेक्ट्रिक गिटारच्या ब्रिज पिकअपवर (तारेचा कंप पकडून अँपला देणारा, घोडीजवळचा भाग) क्लीन, म्हणजे डिस्टॉर्शनशिवाय, वाजवलं की आवाज पत्र्यावर खडे टाकल्यासारखा येतो. मग पिकअप बदलायचं ठरतं आणि ज्याच्या खोक्यावर 'हॉट' किंवा 'हाय आउटपुट' लिहिलंय तो घेतला जातो. बसवल्यावर कळतं की टोचणी तशीच आहे, फक्त आता ती जास्त मोठ्याने टोचतेय. वॉर्म आणि जोरकस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तानपुऱ्याची जवारी आठवा. जवारी खुली असली की तार झणझणते, वरचे स्वर पुढे येतात. जवारी बंद असली की आवाज गोल आणि मऊ होतो, पण सूर तेवढाच स्पष्ट राहतो. गिटारवाले ज्याला वॉर्म म्हणतात ते हेच. आवाज गोल झाला पण सूर हरवला, तर ते वॉर्म नव्हे. ते ब्लँकेटखाली वाजवणं. मिरजेचा कारागीर जवारीसाठी घोडीवर कानस फिरवतो. इलेक्ट्रिक गिटारमध्ये हे काम पिकअपची कॉइल, पॉट (व्हॉल्यूम-टोनच्या बटणाखालचा कमी-जास्त होणारा रेझिस्टर) आणि केबल मिळून करतात. या तिघांपैकी महाग गोष्ट एकच आहे, म्हणून तिच्याकडे शेवटी वळायचं.

टोचतं ते नेमकं काय?

पिकअप म्हणजे मॅग्नेटभोवती गुंडाळलेली केसाएवढी बारीक तांब्याची तार. हंबकरच्या (गुणगुण मारणाऱ्या दोन कॉइलच्या पिकअपच्या) एका कॉइलवर साधारण ५,००० वेढे असतात, स्ट्रॅटच्या (फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टर गिटारच्या) सिंगल कॉइलवर ८,००० च्या आसपास. या वेढ्यांचं इंडक्टन्स आणि केबलची कपॅसिटन्स मिळून एका ठराविक फ्रीक्वेन्सीला आवाज उसळी मारतो आणि त्यापुढे झपाट्याने खाली येतो. ही उसळी कुठे पडते, त्यावर पिकअपचा स्वभाव ठरतो.

पाच मीटरची साधी केबल धरली तर कॉइलसकट एकूण कपॅसिटन्स ६०० पिकोफॅरडच्या घरात जाते. त्या हिशेबाने २.४ हेन्रीच्या स्ट्रॅट पिकअपची उसळी ४.२ किलोहर्ट्झजवळ येते. जुन्या पद्धतीच्या ४.४ हेन्रीच्या हंबकरची ३.१ जवळ, तर ८ हेन्रीच्या हॉट हंबकरची २.३ जवळ. आपला कान २ ते ५ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात सगळ्यात तिखट असतो. चारला टोचतं, दोनच्या थोडं वर नाकात बोलल्यासारखं येतं, आणि तीनच्या आसपास बहुतेकांना गोडवा सापडतो. हॉट पिकअप घेऊन फसायला होतं ते इथेच: झणझण गेली, पण मधला भाग फुगून पुढे आला.

पहिली पायरी: स्क्रूड्रायव्हर

शेवटच्या फ्रेटवर तार दाबून धरा आणि तारेची खालची कड ते पोलचा (पिकअपवरच्या, तारेखालच्या धातूच्या खुंटीचा) माथा हे अंतर मोजा. सिंगल कॉइलसाठी जाड ई खाली २ मिमी आणि बारीक ई खाली १.६ मिमी ही चांगली सुरुवात आहे. हंबकरला नेकवर (गिटारच्या मानेजवळच्या पिकअपला) २.४ आणि ब्रिजवर १.६. प्लास्टिकची पट्टी वापरा, स्टीलची मॅग्नेटला चिकटते आणि मोजमाप फसतं. इथून पिकअपची बारीक तारांकडची बाजू अर्ध्या-अर्ध्या मिलिमीटरने खाली न्या आणि दर वेळी वाजवून बघा. आउटपुट थोडं कमी होईल, ते अँपवर भरून काढा. पिकअप फार जवळ असेल तर मॅग्नेट तारेलाच ओढतो. मग जाड ई वरच्या फ्रेट्सवर दोन सूर एकदम आल्यासारखी डगमगते आणि इंटोनेशन (प्रत्येक फ्रेटवर सूर बरोबर येणं) काही केल्या लागत नाही. स्ट्रॅटवर हा दोष फार दिसतो आणि दोष मात्र पिकअपच्या ब्रँडला दिला जातो.

दुसरी पायरी: तपकीर गल्ली

पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्लीच्या परिसरात, इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांच्या बाजारात जा (चारचाकी घरी ठेवा) आणि ४७० किलो-ओहमचे दोन-चार रेझिस्टर आणि ४७० पिकोफॅरडचे तेवढेच सिरॅमिक कॅपॅसिटर घ्या. कॅपॅसिटरवर ४७१ असा आकडा असतो. सोबत क्रोकोडाइल क्लिपच्या दोन वायर घ्या. हा सगळा खर्च चहा-क्रीमरोलचा आहे.

हंबकरच्या गिटारमध्ये सहसा ५०० किलो-ओहमचे पॉट असतात. व्हॉल्यूम पॉटच्या दोन टोकांच्या पायांमध्ये, म्हणजे पिकअपची वायर येते तो पाय आणि ग्राउंडचा पाय, ४७० किलो-ओहमचा रेझिस्टर क्लिपने जोडा. दोन्ही मिळून २४२ किलो-ओहम होतात, उसळी बसते आणि टोक बोथट होतं. स्ट्रॅटमध्ये पॉट आधीच २५० चे असतात, म्हणून तिथे रेझिस्टरऐवजी त्याच दोन पायांमध्ये ४७० पिकोफॅरडचा कॅपॅसिटर लावा. ४.२ वरची उसळी ३.१ वर येते, म्हणजे हंबकरच्या पट्टीत. सिंगल कॉइल त्याने हंबकर होत नाही, तारेचा तुटकपणा राहतो. पण टोचणी जाते. आवडलं तर सोल्डर करा. पिकअपचे पैसे वाचले, त्यात वर्षभराच्या तारा येतील.

पॉटवर छापलेल्या आकड्यावर विसंबू नका. २० टक्के इकडेतिकडे चालतं असं धरूनच ते बनतात, त्यामुळे ५०० चा पॉट प्रत्यक्षात ४०० भरू शकतो आणि ६०० सुद्धा.

तिसरी पायरी: आत काय आहे ते मोजा

अजून समाधान नसेल तर पिकअपकडे वळू. गिटार न उघडता मोजता येतं. केबल लावा, सिलेक्टर एकाच पिकअपवर ठेवा, व्हॉल्यूम पूर्ण उघडा आणि केबलच्या दुसऱ्या टोकाच्या जॅकवर, टोक आणि दांडा यांच्यामध्ये, मल्टीमीटर २० किलो-ओहमच्या रेंजवर धरा. आकडा खऱ्यापेक्षा किंचित कमी येतो, कारण पॉट समांतर असतो. स्ट्रॅटला ५.५ ते ६.५, जुन्या ढंगाच्या हंबकरला ७ ते ८.५, हॉट हंबकरला १४ ते १६ असं साधारण दिसेल.

पण हा आकडा टोनचा नाही. तो फक्त तारेची लांबी आणि जाडी सांगतो. बारीक गेजची तार वापरली तर वेढे न वाढवताही रेझिस्टन्स वाढतो. त्यावर हवामानाचाही परिणाम आहे: तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला साधारण ०.४ टक्क्यांनी वाढतो. डिसेंबरच्या सकाळी, १८ अंशांत ८ किलो-ओहम दाखवणारा पिकअप एप्रिलच्या दुपारी ३८ अंशांत ८.६ दाखवेल. 'ओव्हरवाउंड' म्हणून विकलेला ८.५ चा पिकअप कोणत्या ऋतूत मोजलाय हे विचारायला हरकत नाही. कंपनी इंडक्टन्स हेन्रीत देत असेल तर तोच आकडा बघा.

आता मापं. पहिल्या आणि सहाव्या पोलच्या मध्यांतलं अंतर घ्या. गिब्सन, एपिफोन धर्तीच्या हंबकरला ते ४९-५० मिमी असतं, तर फेंडर धर्तीच्या ब्रिजवर, विशेषतः ट्रेमोलोवाल्या गिटारवर, ५२-५३ लागतं. चुकलं तर आवाज येतो, पण कडेच्या दोन तारा पोलवर नीट बसत नाहीत. मग पिकअपची खोली आणि खाचेची खोली बघा. टेलिकास्टरचा नेक पिकअप स्ट्रॅटच्या पिकअपपेक्षा लहान असतो, एकाच्या जागी दुसरा बसत नाही. सिंगल कॉइलच्या जागेत पूर्ण हंबकर बसवायला लाकूड कोरावं लागतं. ते टाळायचं असेल तर सिंगल कॉइलच्या मापाचे हंबकर मिळतात.

चौथी पायरी: निवड

आधी कुठला पिकअप बदलायचा ते ठरवा. नेकजवळ तार मोठ्या घेराने हलते, तिथला आवाज जन्मतःच मऊ असतो. तिथे वेढे वाढवलेला पिकअप घातला की खर्जातल्या तारा फुगतात आणि कॉर्डचा लगदा होतो. वॉर्मपणाची गरज सहसा ब्रिजला असते. शक्य असेल तर फक्त ब्रिजचा बदला, अर्धे पैसे.

मग मॅग्नेट. अल्निको म्हणजे अॅल्युमिनियम, निकेल, कोबाल्ट आणि लोखंड यांचा मिश्रधातू. अल्निको २ ची ओढ कमी असते: तार मोकळी हलते, झटका मऊ लागतो, खर्ज थोडा सैल येतो. अल्निको ५ जोरदार आणि टोकदार. वॉर्म टोनसाठी पहिली पसंती अल्निको २ ला. अल्निको ३ सुद्धा मऊ असतो, त्यात कोबाल्ट नसतो. सिरॅमिक मॅग्नेट सरसकट कर्कश असतो हे अर्धसत्य आहे. तो बहुधा भरपूर वेढ्यांच्या, डिस्टॉर्शनसाठी बनवलेल्या पिकअपमध्ये सापडतो, म्हणून बदनाम.

नावानिशी सांगायचं तर सेमूर डंकन या पिकअप कंपनीचा अल्निको टू प्रो हा अगदी याच कामाचा. हंबकर आणि स्ट्रॅट दोन्ही मापांत मिळतो, हंबकरचा रेझिस्टन्स आठच्या आत. त्यांचाच फिफ्टी-नाइन अल्निको ५ चा आहे: खर्ज घट्ट, वरचा भाग उघडा, वॉर्म पण कुरकुरीत. त्यांचाच जेबी ब्रिजला लोकप्रिय आहे आणि रेझिस्टन्स १६ च्या वर, तरी त्याचा वरचा मध्य इतका पुढे येतो की तो मऊ करायला लोक २५० चे पॉट लावतात. आकडा मोठा म्हणजे वॉर्म, हा समज मोडायला हे एक उदाहरण पुरे. डिमार्झिओ या दुसऱ्या कंपनीचा सुपर डिस्टॉर्शन १९७२ सालचा, सिरॅमिक मॅग्नेटचा. तो अँपला ढकलण्यासाठी बनवलाय, क्लीनच्या गोडव्यासाठी नव्हे.

जुन्या हंबकरचं गुणगान होतं त्याचं मूळ गिब्सनच्या सेठ लव्हर यांच्या आराखड्यात आहे. पेटंटचा अर्ज १९५५ चा, आणि पिकअपखाली 'पेटंट अप्लाइड फॉर' असा स्टिकर लागायचा, १९५९ मध्ये मंजुरी आल्यावरही काही वर्षं. 'पीएएफ' हे नाव तिथून आलं. आज कुणी 'पीएएफ स्टाइल' म्हणत असेल तर मध्यम वेढे, अल्निको, सात-आठ किलो-ओहम असा अर्थ घ्या. त्याहून जास्त काही नाही.

सिंगल कॉइलचा मोकळेपणा हवा पण अंग भरीव हवं असेल तर पी-९० या प्रकारचा पिकअप. रुंद, चपटी कॉइल, मध्य भरलेला. अडचण एकच: पन्नास हर्ट्झची गुणगुण. पेठांतल्या जुन्या वाड्यात, जिथे तीन पिनांच्या सॉकेटमधलं अर्थिंगचं भोक नुसतं शोभेचं असतं, तिथे ती जास्तच छळते. अशा जागी आधी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग करून घ्या. तो टोनचा नाही, शॉकचा प्रश्न आहे.

धातूच्या कव्हरकडेही बघा. निकेल-सिल्व्हरचं कव्हर वरचे स्वर जवळजवळ जसेच्या तसे ठेवतं. स्वस्त पितळी कव्हर ते खातं आणि आवाज मंद होतो, गोड होत नाही.

पाचवी पायरी: बसवणं

उघडण्यापूर्वी मोबाइलवर वायरिंगचे फोटो काढा, दोन-तीन कोनांतून. तारा काढा, बॉडीवर जुना टॉवेल पसरा. सोल्डरचा उडालेला एक थेंबही पॉलिश जाळतो.

सोल्डरिंग आयर्न ४० ते ६० वॉटचं घ्या. पंचवीस वॉटचं वायरींना पुरतं, पण पॉटची पाठ उष्णता शोषून घेते आणि सांधा थंड राहतो. थंड सांधा मळकट आणि गोळ्यासारखा दिसतो, आणि नेमका कार्यक्रमात खरखरतो. ६०/४० ची, रोझिन गाभ्याची ०.८ मिमी सोल्डर वायर वापरा. पॉटची पाठ सँडपेपरने खरवडा. आयर्न तीन-चार सेकंदांहून जास्त टेकवायला लागत असेल तर ते कमी वॉटचं आहे, जोर लावून उपयोग नाही.

चार वायरींच्या हंबकरमध्ये सगळ्यात जास्त घोळ रंगांचा होतो. सेमूर डंकनमध्ये काळी वायर हॉट (सिग्नलची), हिरवी आणि उघडी वायर ग्राउंडला, लाल आणि पांढरी एकमेकींना जोडून टेप. डिमार्झिओमध्ये लाल हॉट, हिरवी आणि उघडी ग्राउंडला, काळी आणि पांढरी जोडून टेप. एका कंपनीचा नकाशा बघून दुसऱ्या कंपनीचा पिकअप लावला की आवाज बारीक तरी येतो नाहीतर येतच नाही. वायर कापून आखूड करू नका.

पिकगार्ड परत लावण्याआधी अँपला जोडा आणि स्क्रूड्रायव्हरने प्रत्येक पोलवर हलकी टकटक करा. निवडलेल्याच पिकअपचा ठक आला पाहिजे. मग दोन पिकअप एकत्र निवडून एक तार लावून वाजवा. आवाज एकदम पोकळ, नाकातला झाला तर नवा आणि जुना पिकअप उलट्या फेजमध्ये आहेत, म्हणजे एकमेकांचा आवाज खोडतायत. दोन वायरींच्या सिंगल कॉइलमध्ये हॉट आणि ग्राउंडची अदलाबदल केली की काम होतं. चार वायरींच्या हंबकरमध्ये हॉट आणि ग्राउंडच्या रंगीत वायरींची अदलाबदल करा, उघडी वायर मात्र ग्राउंडलाच राहू द्या. जाळीच्या एकाच वायरीचा, धातूच्या कव्हरचा हंबकर असेल तर हे करू नका. कव्हर हॉट होईल आणि हात लावला की घरघर सुरू होईल.

टोनच्या कॅपॅसिटरसाठी हंबकरला ०.०२२ मायक्रोफॅरड ठेवा, त्यावर २२३ असतं. सिंगल कॉइलला ०.०४७ सुद्धा चालतो, त्यावर ४७३. टोन पॉट पूर्ण उघडा असताना या फरकाने जवळजवळ काही होत नाही, तेव्हा महागड्या ऑइल कॅपॅसिटरच्या नादी लागायचं कारण नाही.

नव्या पिकअपचा निकाल नव्या तारांवर देऊ नका. कोरी तार पहिले काही तास कर्कशच असते. जुन्याच गेजच्या तारा लावा, दोन दिवस वाजवा, मग उंची पुन्हा पहिल्या पायरीपासून लावा. जुना पिकअप, त्याचे स्क्रू आणि स्प्रिंग घट्ट झाकणाच्या डबीत सिलिका जेलच्या पुडीसोबत ठेवा, पावसाळ्यात पोलचे स्क्रू गंजतात. गिटार विकायची वेळ आली की तो परत बसवा आणि नवा पुढच्या गिटारला न्या.