पापणीचं रिफ्लेक्स तपासताना या चुका टाळा

कॉर्नियाला, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला, कापसाचं टोक लावलं, पापणी मिटली नाही, की केस शीटवर 'पाचवी नर्व्ह गेली' लिहून मोकळं व्हायचं. पुण्यातल्या वॉर्डात दर नव्या बॅचमध्ये हेच बघते आणि जीव तुटतो. मेंदूतून निघणाऱ्या नर्व्ह्जपैकी स्पर्शाची खबर पाचवी नेते, पण पापणी मिटवते सातवी. आणि एका डोळ्याला स्पर्श केला तरी मिटायला हवेत दोन्ही. दुसऱ्या डोळ्याकडे बघितलंच नाही, तर तपासणी झालीच नाही.

हडपसरचे एक रिक्षावाले काका आले होते. उजव्या कॉर्नियाला स्पर्श केला तरी उजवा डोळा मिटेना. इंटर्नने पाचवीचं निदान करून टाकलं. दुसऱ्या दिवशी राउंडला मी पुन्हा कापूस लावला, तर डावा डोळा पटकन मिटला. म्हणजे खबर पोचत होती. काम करत नव्हती ती उजवी सातवी. "काका, चूळ भरताना पाणी सांडतं का?" "हो मॅडम, परवापासून. शर्ट भिजतो." बेल्स पाल्सी, म्हणजे सातवी बिघडून चेहऱ्याची एक बाजू अचानक लुळी पडणं! हा प्रश्न आदल्या दिवशी कुणीच विचारला नव्हता. रात्रभर उघडा राहून डोळा लाल झाला होता. थेंब, मलम, झोपताना पट्टी हे लगेच सुरू व्हायला हवं होतं. स्टेरॉइडही पहिल्या 72 तासांत द्यायचं असतं. पाचवी गेली असती तर उजवीकडच्या स्पर्शाला दोन्ही डोळे ढिम्म राहिले असते. मी कागदावर चार रकाने आखते: स्पर्श कुठे, मिटला कोणता. ते भरल्याशिवाय निदानाचा शब्द काढू देत नाही.

कापूस समोरून आणू नका, तो दिसला की पापणी मिटतेच. रुग्णाला दुसरीकडे बघायला लावून बाजूने आणा. पांढऱ्या भागाला लावून 'रिफ्लेक्स नाही' म्हणू नका. कॉन्टॅक्ट लेन्स वापरतात का, आधी विचारा. त्याने संवेदना बोथट होते.

पापणीचं दुसरं रिफ्लेक्स दोन भुवयांच्या मध्ये बोटाने टकटक करून तपासतात. तेव्हाही हात डोक्यामागून आणा. एरवी चार-पाच टकटकींनंतर पापणी मिटायची थांबते, पार्किन्सन्समध्ये बहुधा मिटतच राहते. पण वयोमानानेही तसं होतं. त्यामुळे व्हिडिओ बघून घरच्या आजोबांवर हा प्रयोग करून त्यांना घाबरवू नका.

पापण्या किती वेळा मिटतात ते मोजायचं तर न सांगता मोजा. शांत बसलेल्या माणसाच्या मिनिटाला साधारण 15 ते 20 वेळा मिटतात, गप्पा मारताना त्याहून जास्त. मोबाईल बघणाऱ्या माणसाच्या मोजण्यात अर्थ नाही, स्क्रीनसमोर त्या कमीच मिटतात.