तमिळ चित्रपट मुळातून पाहायचा असेल तर

खानदेशात तमिळ चित्रपटाला प्रेक्षक नाही, असे म्हणता येणार नाही. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या घराघरांत ‘साऊथचा पिक्चर’ आवडीने पाहिला जातो. मात्र या एका नावाखाली तमिळ, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम हे चार स्वतंत्र चित्रपटउद्योग एकत्र केले जातात, आणि ते सगळे एकाच ठरावीक हिंदी आवाजात आपल्यापर्यंत पोहोचतात. ज्यांना तमिळ चित्रपट तमिळ म्हणूनच पाहायचा आहे, त्यांच्यासाठी पुढील सूचना आहेत.

आरंभ ओळख पटवण्यापासून करावा. चित्रपटाच्या सुरुवातीला सेन्सॉर मंडळाचे प्रमाणपत्र दिसते आणि त्यावर भाषेचा उल्लेख असतो. पण डब केलेल्या आवृत्तीच्या प्रमाणपत्रावर हिंदीच लिहिलेले असल्यामुळे मूळ नाव वेगळे शोधावे लागते. श्रेयनामावलीतील दिग्दर्शकाचे नाव टिपून घ्यावे आणि त्याने तो चित्रपट कोणत्या भाषेत केला, हे पाहावे. हिंदीतील नाव अनेकदा मूळ नावाशी काहीही संबंध नसलेले असते, त्यामुळे केवळ नावावरून शोधणे व्यर्थ ठरते.

मूळ चित्रपट सापडला की चित्रपट दाखवणाऱ्या (ओटीटी) ॲपच्या सेटिंगमध्ये जाऊन ऑडिओ तमिळ करावा आणि सबटायटल सुरू करावीत. मराठी सबटायटल क्वचितच मिळतात, इंग्रजी मात्र बहुधा असतात. इंग्रजी भराभर वाचण्याची सवय नसेल, तर एक मार्ग चांगला आहे: चित्रपट आधी हिंदीत पाहून कथानक समजून घ्यावे आणि काही दिवसांनी तोच चित्रपट तमिळमध्ये पाहावा. दुसऱ्या वेळी वाचण्याचे ओझे उरत नाही आणि कान मोकळे होतात. घरात एखादा कॉलेजात जाणारा मुलगा किंवा मुलगी असेल, तर तिने मोठ्यांना अहिराणीत अर्थ सांगत जावा. आजीआजोबांना चित्रपट दाखवण्याची याहून चांगली रीत मला माहीत नाही. मात्र असा कार्यक्रम घरापुरताच ठेवावा. गावात पडदा लावून सार्वजनिक प्रदर्शन करायचे असेल, तर हक्कधारकाची परवानगी आवश्यक असते. ॲपची वर्गणी भरली म्हणून तो अधिकार मिळत नाही.

डबिंग टाळण्याचा मी इतका आग्रह धरतो, त्याचे खरे कारण बोली हे आहे. तमिळ चित्रपटातील पात्र तोंड उघडते त्या क्षणी ते मदुरैचे आहे, कोइमतूरच्या कोंगू पट्ट्यातले आहे, तिरुनेलवेलीकडचे आहे की उत्तर चेन्नईच्या वस्तीतले, हे तिथल्या प्रेक्षकाला कळते आणि त्या पात्राबद्दलची त्याची अर्धी समजूत तिथेच तयार होते. हिंदी डबिंगमध्ये हे सारे सपाट होऊन जाते. खानदेशातील माणसाला हा तोटा वेगळा समजावून सांगण्याची गरज नसावी. रावेर-यावलकडची लेवा गणबोली, धुळे-साक्रीकडची अहिराणी आणि सातपुड्यातील पावरी यांतील फरक आपण क्षणात ओळखतो, आणि बहिणाबाईंची ओवी प्रमाण मराठीत लिहून काढली तर तिच्यातून काय निघून जाते, हेही आपल्याला ठाऊक आहे. म्हणून तमिळचा एक शब्दही येत नसला, तरी स्वरांचे हेलकावे, शेवटचा ओढलेला स्वर आणि बोलण्याचा वेग यांकडे लक्ष द्यावे. एकाच बोलीभागातील दोन-तीन चित्रपट लागोपाठ पाहिले, की तिचा ताल कानाला परिचित होऊ लागतो.

कोठून सुरुवात करावी, तर शेतीत वाढलेल्या प्रेक्षकाने ‘कडैसी विवसायी’ हा एम. मणिकंदन यांचा 2022 सालचा चित्रपट आधी पाहावा. गावदेवाच्या उत्सवासाठी नव्या पिकाचे धान्य हवे असते आणि गावात अजून शेती करणारा एक वृद्ध शेतकरी तेवढा उरलेला असतो, एवढ्यावर तो उभा आहे. ती भूमिका करणारे नल्लांडी हे प्रत्यक्षातही शेतकरीच होते आणि चित्रपट प्रदर्शित होण्यापूर्वी त्यांचे निधन झाले. त्यानंतर मारी सेल्वराज यांचा 2018 चा ‘परियेरुम पेरुमाळ’ पाहावा; तिरुनेलवेली परिसरातील कायद्याच्या एका विद्यार्थ्याच्या वाट्याला आलेला जातीचा जाच त्यात कोणतीही आरडाओरड न करता मांडलेला आहे. मोठ्या नटांचे भव्य चित्रपट त्यानंतर पाहावेत, कारण ते आपल्याला डबिंगमधून आधीच अर्धेमुर्धे माहीत असतात. मागे जायचे असेल, तर भारतीराजा यांचा 1977 चा ‘16 वयदिनिले’ महत्त्वाचा आहे. स्टुडिओतून बाहेर पडून खऱ्याखुऱ्या गावात चित्रीकरण करण्याची वाट त्याने रुंद केली. त्याच्या आदल्याच वर्षी संगीतकार इळैयराजा यांनी चित्रपटसंगीतात पदार्पण केले होते आणि तमिळ लोकसंगीताला पडद्यावर नवी प्रतिष्ठा मिळवून दिली होती. त्यामुळे या काळातील चित्रपटांची गाणी वगळून पुढे जाऊ नये.

मोठ्या नटांच्या चित्रपटांकडे येताना प्रेक्षकही समजून घ्यावा लागतो, कारण ते चित्रपट त्याच्याशी थेट बोलत असतात. नायकाचा प्रवेश लांबवणे, त्याच्या नावाची स्वतंत्र पाटी, टाळीसाठी सोडलेली जागा, हे सारे भरलेल्या थिएटरसाठी रचलेले असते. एकट्याने मोबाइलवर पाहताना ते अवाजवी वाटते. यामागे तेथील चित्रपट आणि राजकारण यांच्या नात्याचा मोठा इतिहास आहे. सी. एन. अण्णादुरै आणि एम. करुणानिधी हे द्रविड चळवळीचे नेते पटकथा आणि संवाद लिहीत असत; करुणानिधींनी लिहिलेल्या 1952 च्या ‘पराशक्ती’तून नट शिवाजी गणेशन पडद्यावर आले. अण्णादुरै 1967 मध्ये आणि करुणानिधी 1969 मध्ये मुख्यमंत्री झाले. नट एम. जी. रामचंद्रन यांनी 1972 मध्ये स्वतःचा पक्ष काढला, तेव्हा त्यांच्या चाहत्यांची मंडळे त्याचा पाया ठरली, आणि 1977 मध्ये ते सत्तेवर आले. अभिनेत्री जयललिता 1991 मध्ये मुख्यमंत्री झाल्या, तर नट विजय यांनी फेब्रुवारी 2024 मध्ये पक्षाची घोषणा केली. तेथे ‘रसिगर मन्रम’ म्हणून ओळखली जाणारी ही चाहता मंडळे नटाच्या उंच कटआउटला दुधाचा अभिषेक करतात, तशीच रक्तदान आणि अन्नदानही करतात. हे लक्षात ठेवून पाहिले, तर नायकाच्या तोंडच्या संवादात प्रेक्षकाला उद्देशून काय म्हटले आहे, ते ऐकू येते. मराठी वाचकाला जवळचा वाटेल असा एक तपशील येथेच सांगतो: गणेशन यांना ‘शिवाजी’ हे नाव मिळाले, ते अण्णादुरैंच्या नाटकात त्यांनी छत्रपती शिवाजी महाराजांची भूमिका केल्यामुळे.

आपल्याकडच्या थिएटरात नवा तमिळ चित्रपट मिळेलच, असे नाही. भुसावळ हे चित्रपट वितरणाचे जुने केंद्र असले, तरी मूळ तमिळ प्रतीला येथे पुरेसा प्रेक्षक नसतो. हिंदी आवृत्तीलाही एक अडचण आहे. थिएटरनंतर आठ आठवडे चित्रपट ओटीटीवर येऊ नये, असा मोठ्या मल्टिप्लेक्स साखळ्यांचा हिंदीसाठी आग्रह असतो, तर अनेक तमिळ चित्रपट चार आठवड्यांतच ओटीटीवर येतात. त्यामुळे 2023 मध्ये विजय यांच्या ‘लिओ’ची हिंदी आवृत्ती या साखळ्यांत लागली नाही. म्हणून प्रदर्शनाची तारीख टिपून ठेवावी आणि महिनाभराने ॲपवर शोध घ्यावा. संक्रांतीच्या सुमारास येणारा पोंगल आणि दिवाळी हे तेथील मोठ्या प्रदर्शनांचे हंगाम आहेत.

शक्य असल्यास एक चित्रपट तमिळनाडूत जाऊन पाहावा. अहमदाबाद–चेन्नई नवजीवन एक्सप्रेस नंदुरबार, जळगाव, भुसावळमार्गे जाते. मोठ्या नटाच्या चित्रपटाचा पहिला दिवस निवडावा आणि शक्यतो मल्टिप्लेक्सऐवजी जुन्या एकपडदा थिएटरचे तिकीट काढावे, कारण शिट्ट्या, कागदाचे कपटे आणि नाच तेथेच पाहायला मिळतात. पहाटेचे खेळ आता होत नाहीत. जानेवारी 2023 मध्ये चेन्नईत अशाच एका खेळाच्या वेळी एका चाहत्याचा मृत्यू झाल्यानंतर सरकारने त्यांवर निर्बंध आणले आणि पहिला खेळ साधारणतः सकाळी नऊला सुरू होतो. पोंगलच्या दिवसांत सारे तमिळनाडू गावाकडे निघालेले असते, तेव्हा परतीचे आरक्षण जाण्याच्या तिकिटाबरोबरच करून ठेवावे.