सादळलेली गोळी: पावसाळ्यात घरातील औषधे कोरडी कशी ठेवावीत

स्वयंपाकघरातल्या मिठाला पाणी सुटू लागले की औषधांच्या डब्याकडे पाहण्याची वेळ झाली, असे समजावे. शुद्ध मीठ सुमारे ७५ टक्के सापेक्ष आर्द्रतेपर्यंत कोरडे राहते. त्यापुढे ते हवेतील बाष्प ओढून विरघळू लागते. मुंबईत आणि कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर जुलै-ऑगस्टमधले बहुतेक दिवस ही मर्यादा ओलांडूनच जातात. उष्ण आणि अतिदमट प्रदेशांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने औषधांच्या टिकाऊपणाच्या दीर्घकालीन चाचणीची परिस्थिती ३० अंश सेल्सिअस आणि ७५ टक्के आर्द्रता अशी ठरवली आहे. पण ही चाचणी औषध विक्रीच्या बंद वेष्टनात असताना होते. त्यामुळे छापलेली मुदत एकट्या गोळीची नसते, वेष्टनासकट गोळीची असते. गोळी स्ट्रिपमधून काढून उघडी ठेवली की त्या तारखेचा आधार संपतो.

ओल गोळीचे नुकसान दोन वाटांनी करते. पहिली वाट रासायनिक आहे. ॲस्पिरिनचा पाण्याशी संयोग झाला की त्याचे विघटन होऊन सॅलिसिलिक आम्ल आणि ॲसेटिक आम्ल तयार होते. जुन्या बाटलीचे झाकण उघडताच व्हिनेगरसारखा आंबट वास येतो तो याच ॲसेटिक आम्लाचा. पाण्यात फसफसणाऱ्या गोळ्यांत सायट्रिक आम्ल आणि खाण्याचा सोडा शेजारी शेजारी असतात आणि केवळ कोरडेपणामुळे शांत राहतात. थोडी ओल मिळाली तरी त्यांची क्रिया नळीतच सुरू होते. अनेक प्रतिजैविक गोळ्यांत अमॉक्सिसिलिनच्या जोडीला असणारे पोटॅशियम क्लॅव्युलॅनेट तर ओलीला इतके हळवे आहे की त्या गोळ्या दोन्ही बाजूंनी ॲल्युमिनियम असलेल्या वेष्टनातच भरल्या जातात.

दुसरी वाट भौतिक आहे, आणि मला ती अधिक चिंतेची वाटते, कारण तिच्यात औषधाचा रेणू शाबूत राहूनही रोग्याला औषध पुरेसे मिळत नाही. फेफऱ्यावर दिली जाणारी कार्बामाझेपीन ही गोळी याचे ठळक उदाहरण आहे. दमट हवेत तिचे स्फटिक पाणी धरून दुसऱ्या रूपात जातात, गोळी कडक होते आणि पोटात नीट विरघळत नाही. अशा साठवणीत तिचा परिणाम एक तृतीयांशापर्यंत घटू शकतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९९० मध्ये दिला होता. ज्याच्या झटक्यांवर या गोळीने नियंत्रण ठेवले आहे, त्याच्यासाठी ही घट किरकोळ नाही. इतर गोळ्यांत पोटात फुगून गोळी फोडण्यासाठी घातलेले घटक हवेतल्या बाष्पानेच आधी फुगून बसतात. कॅप्सूलच्या जिलेटिनच्या कवचात मुळातच १३ ते १६ टक्के पाणी असते. ते वाढले की कवच मऊ होऊन चिकटते, आणि फार घटले की ठिसूळ होऊन तडकते.

आता साठवणीकडे वळू. सर्वांत आधी जागा बदलावी. न्हाणीघरातले आरशामागचे कपाट, ओट्यावरची फळी आणि बाहेरच्या भिंतीला लागून असलेले फडताळ या तिन्ही जागा टाळाव्यात. झोपण्याच्या खोलीतील आतल्या भिंतीचे कपाट, जमिनीपासून उंच आणि मुलांच्या हाताबाहेर, बहुतेक घरांत पुरेसे ठरते. विदर्भ-मराठवाड्यात उन्हाळ्याची हवा कोरडी असली तरी पाण्याचा कूलर चालू असलेली खोली चांगलीच दमट होते; औषधे त्याच्या झोतात ठेवू नयेत.

गोळी घेण्याच्या क्षणापर्यंत स्ट्रिपमध्येच राहू द्यावी. कात्रीने एकेक गोळी कापून ठेवताना धार कप्प्याच्या फार जवळ गेली तर चिकटवलेली कड उसवते आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या फटीतून बाष्प आत शिरते. ज्या तुकड्यावर बॅच क्रमांक आणि मुदत छापलेली आहे, तो शेवटपर्यंत जपावा. आठवड्याच्या वारांचे कप्पे असलेली डबी वृद्धांसाठी फार सोयीची आहे, म्हणून ती वापरूच नये असे मी म्हणणार नाही. पण पावसाळ्यात ती एका आठवड्यापेक्षा जास्त भरू नये. फेफऱ्यावरचे सोडियम व्हॅल्प्रोएट किंवा रक्ताच्या गुठळ्या होऊ न देणारे डॅबिगॅट्रान यांसारखी ओलीला हळवी औषधे तिच्यात काढून ठेवू नयेत, मूळ वेष्टनातूनच घ्यावीत.

थायरॉइडच्या गोळ्या आपल्याकडे बऱ्याचदा बाटलीत मिळतात. अशी बाटली दिवसातून एकदाच उघडावी, हात कोरडा असावा, गोळी झाकणात घेऊन झाकण लगेच घट्ट लावावे. आतली ओल शोषणारी सिलिका जेलची पुडी काढून टाकू नये. तोंडाशी कापूस असल्यास मात्र पहिल्यांदा उघडताच काढावा, कारण तो बाहेरची ओल धरून आत नेतो.

सगळ्या स्ट्रिप एका घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत ठेवून तीत सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या तर संरक्षण बरेच वाढते. रंग बदलणारे दाणे घ्यावेत: नारंगी दाणे ओल धरल्यावर हिरवट होतात, आणि मग ते बदलावे लागतात. मिठात तांदळाचे दाणे टाकण्याची घरगुती रीत येथे कामाची नाही, कारण तांदळात स्वतःचेच १२ ते १४ टक्के पाणी असते.

फ्रिज हा कोरडा राहणारा कोपरा आहे, असा गैरसमज सर्रास आढळतो. थंड बाटली बाहेर काढून दमट हवेत उघडली की आतल्या गोळ्यांवर दव धरते. लेबलवर तसे लिहिलेले नसेल तर गोळ्या फ्रिजमध्ये ठेवू नयेत.

अंदाजावर विसंबायचे नसेल तर आर्द्रतामापक विकत घ्यावा आणि तो घरीच तपासावा. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन ते चिखलासारखे होईल इतकेच पाणी घालावे आणि मापकासह बंद डब्यात रात्रभर ठेवावे. सकाळी आकडा ७५ च्या आसपास हवा. जेवढा फरक दिसेल तेवढी दुरुस्ती पुढील वाचनांत करावी. बरणीतला आकडा ५० च्या खाली राहिला तर निश्चिंत असावे.

महिन्यातून एकदा गोळ्या पाहून घ्याव्यात. डाग, चिकटपणा, भुगा, फुगलेला कप्पा, पिवळट-तपकिरी झालेली क जीवनसत्त्वाची गोळी किंवा एकमेकींना चिकटलेल्या कॅप्सूल दिसल्या तर ते औषध वापरू नये. पण कार्बामाझेपीनसारखी गोळी बिघडूनही पाहण्यात पूर्वीसारखीच दिसू शकते, त्यामुळे साठवणीबद्दल शंका असेल तर तेवढे कारण ती बदलायला पुरेसे मानावे. फेफरे, हृदयविकार किंवा थायरॉइडच्या औषधाचा डोस मात्र या शंकेपायी चुकवू नये. त्याच दिवशी औषधविक्रेत्याला स्ट्रिप दाखवून नवी घ्यावी, आणि मधल्या काळात काय करायचे ते डॉक्टरांना फोन करून विचारावे.