प्रभादेवीचं नाव नकाशावर का बदलेना?

पहिल्या नोकरीचा तिसरा आठवडा होता. अंधेरीतल्या आमच्या ऑफिसात गाड्यांचा माग दाखवणारी स्क्रीन बनत होती. आतला सगळा हिशेब सी प्लस प्लसमध्ये आणि वरचा नकाशा क्यूट या फ्रेमवर्कच्या क्यूएमएल भाषेत. हात बसावा म्हणून मी चर्चगेट ते दादर ही 9 स्टेशनं घेऊन एक छोटा प्रोग्राम करत होते. मिळालेली यादी जुनी होती, तिच्यात अजून ‘एल्फिन्स्टन रोड’ होतं. 2018 मध्ये त्या स्टेशनाचं नाव प्रभादेवी झालं, म्हणून बटण दाबल्यावर नाव बदलेल असं फंक्शन मी लिहिलं. डीबगरमध्ये, म्हणजे चालत्या प्रोग्रामच्या आत डोकावायच्या टूलमध्ये, यादी उघडून पाहिली, तिथे ‘प्रभादेवी’. नकाशावर मात्र ‘एल्फिन्स्टन रोड’ हलायला तयार नाही. सबंध दुपार त्यात गेली.

आमच्या टीममध्ये एक सीनिअर होत्या, सगळे त्यांना ताईच म्हणायचे. त्या मागे येऊन उभ्या राहिल्या आणि विचारलं, “नाव बदललंस ते नकाशाला कळवलंस का?”

“कळवायचं म्हणजे? यादी तर तीच आहे ना, ताई?”

“यादी तीच आहे गं. पण गाडी दोनऐवजी चार नंबरवर येणार आणि घोषणाच झाली नाही, तर लोक कुठे उभे राहतील?”

हे काम नव्याने शिकणाऱ्या प्रत्येकाला मी आधी हेच सांगते, कारण पुढच्या बहुतेक अडचणींचं मूळ इथेच असतं. आपण ज्या फ्रेमवर्कबद्दल बोलतोय ते क्यूट. नाव इंग्रजी दोन अक्षरांत लिहितात, पण उच्चार ‘क्यूट’ असाच करायचा. त्यातली क्यूएमएल ही भाषा 2010 मध्ये क्यूट 4.7 बरोबर आली. तिच्यात पडद्यावर काय हवं ते लिहायचं. ते कसं आणि कधी रंगवायचं हे ती बघते. ‘या खुणेचं नाव म्हणजे यादीतलं नाव’ एवढंच आपण लिहितो. पण यादी बदलली का, हे ती दर क्षणाला डोकावून बघत नाही. ती घोषणेची वाट बघते. क्यूटमध्ये त्या घोषणेला सिग्नल म्हणतात. माझ्या फंक्शनमध्ये ‘डेटाचेंज्ड’ हा सिग्नल पाठवायची एक ओळ राहिली होती. ती लिहिली आणि प्रभादेवी झळकलं.

आता ही घोषणा पोहोचते कशी, ते नीट समजून घ्या. यावर दोन दिवस गेले तरी चालतील. सी प्लस प्लसचा कोड कंपाइल झाला, म्हणजे मशीनच्या भाषेत गेला, की त्यातली फंक्शनं चालत्या प्रोग्राममध्ये नावाने शोधता येत नाहीत. क्यूएमएल तर सगळं नावानेच मागतं. मधली सोय ‘मॉक’ नावाचं एक टूल करतं. वर्गात, म्हणजे सी प्लस प्लसच्या क्लासमध्ये, ‘क्यू ऑब्जेक्ट’ हा मॅक्रो (कंपाइलच्या वेळी उलगडणारा खुणेचा शब्द) दिसला की मॉक त्या वर्गातल्या प्रॉपर्टी (नाव दिलेल्या किमती), सिग्नल आणि बाहेरून बोलावता येणारी फंक्शनं यांची नोंदवही करतं, आणि ती नोंदवही सी प्लस प्लसच्याच एका जादा फाइलमध्ये लिहून तुमच्या कोडबरोबर कंपाइल होते. क्यूएमएल त्या वहीत नाव शोधतं. म्हणून मॅक्रो विसरलात, तर तुमचा वर्ग क्यूएमएलच्या लेखी नसतोच. आणि प्रॉपर्टीला ‘नोटिफाय’, म्हणजे ती बदलल्यावर पाठवायचा सिग्नल, लावायचं राहिलं, तर किंमत एकदा वाचली जाते आणि तिथेच थिजते.

वर्गाची ओळख करून द्यायच्या दोन पद्धती तुम्हाला दिसतील. जुन्या धड्यांत वस्तू ‘कॉन्टेक्स्ट प्रॉपर्टी’ म्हणून वरून सोडलेली असते. चालतं ते, पण ते नाव कुठून आलं हे ना एडिटरला कळतं, ना सहा महिन्यांनी तुम्हाला. क्यूट 5.15 पासून ‘क्यूएमएल एलिमेंट’ हा मॅक्रो आहे. नवीन शिकताय तर तोच वापरा.

स्टेशनांची यादी द्यायला ‘अ‍ॅबस्ट्रॅक्ट लिस्ट मॉडेल’वरून आपला वर्ग काढायचा आणि तीन फंक्शनं भरायची: ओळी किती, अमुक ओळीत काय, आणि प्रत्येक रकान्याचं क्यूएमएलमधलं नाव काय. तिसऱ्यातलं स्पेलिंग क्यूएमएलमधल्या स्पेलिंगशी तंतोतंत जुळायला हवं. नवीन ओळ घालताना आधी ‘घालतोय’ आणि मग ‘घातली’ अशा दोन घोषणा लागतात. त्या टाळून दर वेळी सगळं मॉडेल, म्हणजे ही अख्खी यादी, रीसेट केलंत, तर नकाशावरच्या सगळ्या खुणा पुसून पुन्हा काढल्या जातात. 9 स्टेशनांत ते जाणवत नाही, चालत्या शेकडो गाड्यांत डोळ्यांना त्रास होतो.

एकदा माझी सगळी स्टेशनं गायब झाली. नकाशा झूम आउट केला तेव्हा ती नॉर्वेच्या उत्तरेला, ट्रॉम्सोच्या वर समुद्रात सापडली. मुंबई साधारण 19 अंश उत्तर अक्षांश आणि 72.8 अंश पूर्व रेखांशावर आहे. मी ते उलटे भरले होते. जिओजेसनमध्ये, म्हणजे नकाशाची माहिती लिहायच्या फाइलप्रकारात, रेखांश आधी येतो आणि क्यूटच्या ‘जिओकोऑर्डिनेट’मध्ये अक्षांश आधी, तिथे घोळ झाला. तेव्हापासून नकाशा उघडायच्या आधीच मी एक तपासणी करते: सीएसएमटी ते ठाणे हे अंतर ‘डिस्टन्स टू’ने काढायचं. 1853 मध्ये पहिली गाडी धावली तो हा रुळावरचा प्रवास 34 किलोमीटरचा, सरळ रेषेत 31 च्या जवळपास भरतो. आकडे उलटे असतील तर उत्तर 17-18 येतं. आतला कोड नकाशाशिवाय तपासता येतो, हा सगळं वेगळं ठेवण्याचा मोठा फायदा आहे.

नकाशाच्या बाजूचं आता थोडक्यात. क्यूट 6 आलं तेव्हा त्यात नकाशाचं लोकेशन मॉड्यूल नव्हतं. ते 2023 मध्ये 6.5 बरोबर परत आलं. क्यूट 5 मधला ‘मॅप’ बोटाने आपोआप सरकायचा. आता त्यासाठी ‘मॅपव्ह्यू’ घ्या आणि खुणांच्या ‘मॅपआयटमव्ह्यू’चा पेरेंट (ज्या वस्तूच्या आत ती राहते ती) म्हणून त्याच्या आतला ‘मॅप’ द्या, नाहीतर खुणा दिसणार नाहीत. खुणेचा ‘अँकर पॉइंट’, म्हणजे नकाशावरच्या जागेला टेकणारा बिंदू, पिनच्या टोकावर हवा. तो कोपऱ्यावर राहिला तर झूम कराल तशी पिन स्टेशनापासून सरकत जाते. ओपनस्ट्रीटमॅप वापरत असाल तर श्रेयाची ओळ झाकू नका, आणि त्यांच्या सर्व्हरवरून टाइल्स, म्हणजे नकाशाचे चौकोनी तुकडे, घाऊक उतरवून घेऊ नका. तो सर्व्हर देणग्यांवर चालतो.

दोन चुका मात्र फार महागात पडतात. पहिली, नेटवर्कच्या थ्रेडमधून, म्हणजे प्रोग्रामच्या एकाच वेळी चालणाऱ्या वेगळ्या धाग्यातून, थेट मॉडेलला हात लावणं. प्रोग्राम कधी चालतो, कधी कोसळतो, आणि कारण सापडत नाही. गाडीची नवीन जागा सिग्नलनेच मुख्य थ्रेडकडे पाठवा, बदल तिथे करा. दुसरी, क्यूएमएलने बोलावलेल्या फंक्शनमधून पेरेंट नसलेली वस्तू परत देणं. तिची मालकी क्यूएमएलच्या आतल्या जावास्क्रिप्ट इंजिनकडे जाते आणि ते तिला हवं तेव्हा नष्ट करतं. आमच्याकडे यामुळे दहा-पंधरा मिनिटांनी बंद पडणारा एक प्रोग्राम होता. कारण सापडेपर्यंत चार दिवस गेले.

मुलाखतीला जाताना मोठा प्रोजेक्ट लागत नाही. तुमच्या रोजच्या लाइनची स्टेशनं घ्या, कागदावर मधोमध एक रेघ मारा, डावीकडे सी प्लस प्लस काय जाणतं ते लिहा, उजवीकडे नकाशा काय दाखवतो ते. रेघ ओलांडणारा प्रत्येक बाण कुठला सिग्नल आहे हे सांगता आलं, तर समोरच्याला तुमची तयारी कळते. मी स्वतः आता मुलाखती घेते, आणि हाच कागद मागते.

पश्चिम रेल्वे झाली की मध्य रेल्वे जोडा. तिथे दादर दुसऱ्यांदा येईल आणि ठरवावं लागेल, ओळ एक की दोन? मी आधी नावालाच किल्ली, म्हणजे ओळ ओळखायची खूण, केलं होतं, तेव्हा दुसऱ्या दादरने पहिलं खोडलं. मग फलाटाचा नंबर जोडला, पण तेव्हा दोन्ही दादरांना एक नंबरचा फलाट होता. डिसेंबर 2023 मध्ये मध्य रेल्वेकडचे फलाट 8 पासून मोजायला लागले आणि माझ्या जुन्या किल्ल्या चुकल्या. आता प्रत्येक ओळीला माझा स्वतःचा, कधीही न बदलणारा क्रमांक आहे. नाव आणि फलाट हे नुसते रकाने. दादरच्या मी दोन ओळी ठेवल्यात, आणि नकाशावर त्यांच्यामध्ये पुलाची एक बारीक रेघ काढली आहे.