जुन्या गाडीचा एअर इनटेक बदलताय? आधी या चुका टाळा

माझी मारुती एस्टीम 2003 सालची. 1298 सीसी, 16 व्हॉल्व्ह, एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी पेट्रोलचं इंजेक्शन), कंपनीच्या कागदावर 85 बीएचपी. गाडी हलकी आहे, त्यामुळे आजही घाटात दुसऱ्या गिअरला ती ज्या हौसेने चढते ते बघून जीव सुखावतो. 2007 मध्ये एस्टीमचं उत्पादन थांबलं. आता चांगली जपलेली गाडी हाती लागली की नवा मालक बहुतेकदा पहिलं काम हेच करतो: हवेच्या फिल्टरचा काळा डबा काढतो आणि तिथे बाजारातला लाल कोन फिल्टर लावतो. आवाज भारी येतो. गाडी खरंच जास्त ओढते का, हे मात्र फारसं कोणी तपासत नाही. मग चार महिन्यांनी गाडी सिग्नलला थरथरायला लागते, ॲव्हरेज पडतं, आणि दोष इंजिनाला दिला जातो.

उदाहरणं एस्टीमची देतोय, पण झेन, बलेनो, जुनी सिटी, पालिओ अशा गाड्यांनाही यातलं बहुतेक सगळं लागू आहे.

न मोजता डबा काढणं

सगळ्यात मोठी चूक हीच. हवा अडतेय की नाही हे न बघताच खर्च होतो. थोडा हिशेब करू. 1.3 लिटरचं इंजिन दोन फेऱ्यांत एकदा पूर्ण हवा घेतं. 6000 आरपीएमला मिनिटाला 3900 लिटर होतात. सिलिंडर कधीच काठोकाठ भरत नाहीत, म्हणून 3300 धरू. गच्चीवरच्या हजार लिटरच्या तीन टाक्या एका मिनिटात रिकाम्या होतील, एवढी हवा. कंपनीचा डबा एवढी हवा सोडतो का, हे घरच्या घरी मोजता येतं.

गवंडी वापरतात ती पारदर्शक लेव्हलची नळी घ्या, पाचेक मीटर. तिच्या एका टोकाकडच्या भागाचा यू आकार करून मीटरभर लांबीच्या लाकडी पट्टीला बांधा आणि यू निम्मा पाण्याने भरा. पाण्यात निळीचे दोन थेंब टाका, पातळी स्पष्ट दिसते. डब्याच्या झाकणाला, फिल्टरच्या पलीकडे म्हणजे इंजिनाकडच्या बाजूला, छोटं भोक पाडून नळीचं दुसरं टोक त्यात घट्ट बसवा. नंतर ते भोक रबरी बुचाने पक्कं बंद करायचं. नळी बॉनेटच्या काचेकडच्या फटीतून खिडकीत आणा, पट्टी शेजारी बसलेल्याच्या हातात द्या. मोकळ्या, सरळ रस्त्यावर दुसऱ्या गिअरला पूर्ण रेस दाबून 6000 च्या जवळ जा. यूच्या दोन्ही बाजूंच्या पाण्यात किती सेंटीमीटरचा फरक पडतो, ते शेजाऱ्याने वाचायचं. चालवणाऱ्याने फक्त रस्ता बघायचा.

आता त्या आकड्याचा अर्थ. वातावरणाचा पूर्ण दाब म्हणजे सुमारे 1033 सेंटीमीटर पाणी. तुमच्या पट्टीवर 25 सेंटीमीटर आले, तर फिल्टर, डबा आणि त्याच्या अलीकडची नळी मिळून अडवणूक अडीच टक्क्यांच्या आत आहे. 85 बीएचपीत ती दोनच्या आसपास भरते. सगळा अडथळा नाहीसा केला तरी मिळकत तेवढीच, आणि तीही फक्त वरच्या आरपीएमला. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे 1350 मीटर उंच आहे. तिथे हवेचा दाबच जवळपास 15 टक्के कमी असतो. म्हणजे घाट चढण्यात जे जातं, त्याच्यापुढे हे काहीच नाही.

आकडा 50 च्या पुढे गेला तर मात्र डबा उघडाच. बुजलेला फिल्टर, चेपलेली नळी किंवा उंदराने आणून ठेवलेल्या चिंध्या, यांपैकी काहीतरी सापडेल. अशा वेळी साधा नवा कागदी फिल्टरही फरक दाखवतो.

बॉनेटखालची गरम हवा इंजिनाला पाजणं

हवा तीन अंशांनी तापली की जवळपास एक टक्क्याने पातळ होते. बाहेर 35 अंश आणि ट्रॅफिकमध्ये बॉनेटखाली 65, म्हणजे त्याच लिटरभर हवेत ऑक्सिजन नऊ टक्के कमी. गाडी पळायला लागली की बॉनेटखालचं तापमान उतरतं हे खरं, पण सिग्नलवरून निघताना, ओव्हरटेक करताना, नेमकी गरज असते तेव्हा गरम हवाच आत जाते. फिल्टर बदलून दोन टक्के मिळवायचे आणि उघड्या कोनने नऊ घालवायचे, हा व्यवहार मला अजिबात पटत नाही.

कंपनीच्या डब्याने बाहेरची थंड हवा ओढावी म्हणूनच पुढे नळी दिलेली असते. समोरून ठोकून दुरुस्त झालेल्या जुन्या गाडीत ही नळी बरेचदा परत बसवलेलीच नसते. माझ्या गाडीत ती नव्हती, आणि मला गाडी घेऊन दीड वर्ष झाल्यावर हे कळलं. पुण्याच्या नाना पेठेत दोन शनिवार फिरल्यावर वापरलेली नळी मिळाली. ती बसवल्यावर भर दुपारी ट्रॅफिकमधून बाहेर पडताना गाडी जो जडपणा दाखवायची तो गेला. इनटेकवर मी केलेल्या खर्चात याच्याइतकं समाधान दुसऱ्या कशाने दिलं नाही.

कोन लावायचाच असेल तर त्याला ॲल्युमिनियमच्या पत्र्याची खोली करा, पत्र्याच्या वरच्या कडेला रबरी बिडिंग लावून ती बॉनेटला टेकू द्या, आणि बाहेरून थंड हवेची नळी त्या खोलीत सोडा. पीव्हीसीचा प्लंबिंगचा पाइप वापरू नका. बॉनेटखाली तो मऊ पडतो, मग क्लॅम्प सैल होतो आणि फट तयार होते.

नळीचं तोंड बंपरखाली सोडणं

थंड हवेच्या मोहात नळीचं तोंड खाली, बंपरच्या पोटात नेऊ नका. आपल्याकडे पाऊस आहे. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला. तेवढं लांबही जायला नको, दर जुलैत रेल्वेपुलाखाली गुडघाभर पाणी असतंच. पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर येताना सिलिंडरमध्ये पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि पूर्ण इंजिनकाम निघतं. साध्या विमा पॉलिसीत या नुकसानीचे पैसे सहसा मिळत नाहीत, त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कलम घ्यावं लागतं. तोंड हेडलाइटच्या उंचीला ठेवा. गाडी पाण्यात बंद पडलीच तर पुन्हा स्टार्टर मारू नका. ढकलून बाहेर काढा, प्लग काढा, मग इंजिन फिरवा.

काम झाल्यावर आयडलिंग बिघडतं तेव्हा

इथे मिस्त्रीसुद्धा गोंधळतात, म्हणून सविस्तर सांगतो. गाडीत मॅप सेन्सर आहे की मॅफ (आत जाणारी हवा थेट मोजणारा), हे आधी बघा. एस्टीम एमपीएफआयमध्ये मॅप आहे, तो मॅनिफोल्डमधला, म्हणजे थ्रॉटल आणि सिलिंडरच्या मधल्या नळ्यांतला, दाब वाचतो. अशा गाडीत थ्रॉटलच्या (रेस दाबली की उघडणाऱ्या हवेच्या झडपेच्या) अलीकडे, फिल्टरच्या बाजूला, फट राहिली तर आयडलिंग बिघडत नाही, फक्त न गाळलेली धूळ आत जाते. म्हणून ती फट महिनोन् महिने कळत नाही आणि जास्त घातक ठरते. मॅफवाल्या गाडीत तीच फट असेल तर सेन्सरने न मोजलेली हवा आत येते, मिश्रण पातळ होतं आणि गाडी झटके देते.

एस्टीममध्ये आयडलिंग चढलं किंवा खालीवर होऊ लागलं तर थ्रॉटलच्या पलीकडे शोधा: व्हॅक्यूमची निसटलेली नळी, गॅस्केट, आणि पीसीव्ही (क्रँककेसमधली वाफ इनटेकमध्ये सोडणारा व्हॉल्व्ह). टॅपेट कव्हरवरून इनटेकच्या नळीत येणारा ब्रीदर पाइपही बघा. कोन लावताना त्याला जागा मिळत नाही, म्हणून तो तसाच मोकळा सोडतात किंवा बोल्ट ठोकून बंद करतात. मोकळा सोडला की त्या वाटेने गाळल्याशिवाय हवा क्रँककेसमध्ये जाते. बंद केला की आतला दाब वाढतो आणि सीलमधून ऑइल पाझरायला लागतं. त्याला नव्या नळीत, फिल्टर आणि थ्रॉटलच्या मध्ये, नीट जोड द्या. फट शोधायला गरम इंजिनावर कार्ब क्लीनर फवारणाऱ्यांचं मला भय वाटतं, आग लागू शकते. त्यापेक्षा जोडांवर साबणाचं पाणी लावा. फट असेल तिथे ते आत ओढलं जातं.

फिल्टरला भरमसाट तेल

धुऊन वापरायच्या कापडी फिल्टरला तेल लागतं, पण ते टपकेपर्यंत नाही. जास्तीचं तेल मॅफ सेन्सरच्या तारेवर बसतं आणि रीडिंग चुकतं. तेल अगदी कमी पडलं तर धूळ पलीकडे जाते. फिल्टर काम करतो की नाही हे बघायला फिल्टर आणि इंजिनाच्या मधल्या नळीत आतून पांढऱ्या फडक्याने बोट फिरवा. फडक्यावर तांबूस पूड आली आणि चिमटीत चोळल्यावर खरखर लागली, तर ती मुरुमाची धूळ रोज सिलिंडर घासतेय. उसाच्या हंगामात कच्च्या रस्त्याने जाणाऱ्यांनी कागदी फिल्टरच ठेवावा, असं माझं ठाम मत आहे.

कार्बोरेटरवाल्या गाडीत डबा काढला की मिश्रण बदलतं, मेन जेट (पेट्रोल मोजून सोडणारी मुख्य तोटी) बदलावा लागतो. नुसता स्क्रू फिरवून फक्त आयडलिंग सुधारतं, रेसला मिश्रण पातळच राहतं. जुन्या व्हेंच्युरीच्या (हवेच्या ओढीने गॅस घेणाऱ्या) सीएनजी किटवर तर उघडा फिल्टर नकोच. बॅकफायर झाला तर ज्वाळा थेट बॉनेटखाली येते.

वेगवेगळ्या वेळी फरक बघणं

काम करण्याआधी आणि नंतर, तिसऱ्या गिअरला ताशी 40 ते 80 किलोमीटर व्हायला किती सेकंद लागतात, याचा शेजाऱ्याला मोबाइलवर व्हिडिओ घ्यायला सांगा. तोच रस्ता, दोन्ही दिशांनी, तीन-तीन वेळा. सकाळी सहाचा आकडा दुपारी दोनच्या आकड्याशी लावू नका; 15 अंशांच्या फरकाने हवाच पाच टक्के पातळ झालेली असते.

आणि काढलेला डबा, त्याच्या क्लिपा, रबरी बूट हे काहीही भंगारात देऊ नका. 15 वर्षं झालेल्या गाडीचं रजिस्ट्रेशन दर पाच वर्षांनी नवं करावं लागतं आणि त्यासाठी गाडी आरटीओत तपासणीला न्यावी लागते. माझी 2018 आणि 2023 मध्ये गेली, आता 2028 मध्ये जाईल. डबा क्लिपांसकट कापडात गुंडाळून माळ्यावर ठेवलाय. त्या दिवसासाठी, आणि पुढेमागे ही गाडी जपायला घेणाऱ्यासाठीही.