सोयाबीनवर औषध मारण्याआधी अळ्या मोजा

सांवेर-देपालपूरकडे शेती असलेल्या इंदूरच्या मराठी घरांत खरिपात सोयाबीनच असतं. पानांना भोकं दिसली की बटाईदाराचा फोन येतो, "साब, इल्ली लग गई, दवा डलवा दें?" हो म्हणण्याआधी शेतात जाऊन अळ्या मोजा. कमी औषधात पीक राखायचं तर पुढचं सगळं या मोजणीवर ठरतं.

खताची धुतलेली गोणी उसवून दोन ओळींमध्ये अंथरा. मीटरभर ओळीतली झाडं तिच्यावर वाकवून जोरात झटका आणि पडलेल्या अळ्या मोजा. कडा सोडून आठ-दहा ठिकाणी असंच करून सरासरी काढा. पेरणीनंतर तिसऱ्या आठवड्यापासून दर आठवड्याला हे व्हायला हवं. फुलोऱ्यापूर्वी मीटरला साधारण ४ अळ्या (हिरवी उंटअळी किंवा तंबाखूची अळी) भरल्या तर उपाय करा, त्याहून कमी असतील तर थांबा. या वयात पानांचा चौथा हिस्सा गेला तरी सोयाबीन सावरतं. शेंगा भरताना मात्र एवढी सवलत नाही.

गोणीवर कोळी आणि ढालकिडेही पडतात, तेही बघा. सरसकट मारा केला की आधी हेच मरतात, आणि मग अळ्यांना खाणारं कोणी उरत नाही. ऑगस्टच्या दमट हवेत पांढऱ्या बुरशीने कडक झालेल्या अळ्या पानाला चिकटलेल्या दिसल्या तर फवारा बाहेर काढूच नका. ही बुरशी आपलं काम फुकटात करते, आणि त्या दिवसांत बुरशीनाशक मारलं तर तीच मरते.

हाताने करायचं काम याहून मोलाचं आहे. तंबाखूच्या अळीची मादी पानाखाली शेकडो अंडी पुंजक्याने घालते आणि तपकिरी केसांनी झाकते. पिल्लं आधी एकाच पानावर राहतात, त्यामुळे ते पान जाळीदार, पांढुरकं होऊन लांबूनच ओळखू येतं. ते पान तोडून पिशवीत टाकलं की एक अख्खी वीण गेली. चक्री भुंग्याचंही तसंच: मादी देठावर किंवा खोडावर दोन गोल खाचा पाडून मध्ये अंडं घालते, आणि वरचा भाग माना टाकतो. अळी खाली खोडात उतरण्याआधी खालच्या खाचेखालून तो भाग कापून नष्ट करा. एकदा ती आत शिरली की वरून मारलेलं औषध तिच्यापर्यंत नीट पोचत नाही.

पिवळा मोझॅक हा पानं पिवळी पाडणारा विषाणूरोग; त्यावर औषध नाही. पांढरी माशी तो पसरवते. पिवळं झाड दिसताच उपटून पुरा आणि शेतात पिवळे चिकट सापळे लावा.

पेरणीचंही बघा. उन्हाळ्यात खोल नांगरट केली की मातीत आणि जुन्या काडीत दडलेल्या अळ्या, कोष उघड्यावर येतात. खंडवा रोडवरच्या सोयाबीन संशोधन संस्थेचा सल्ला आहे की किमान १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावरच पेरावं. ओळींत ४५ सेंटिमीटर अंतर ठेवा, हेक्टरी ६० ते ७० किलो बियाणं पुरतं. आपल्याकडे भीतीपोटी दाट पेरतात, आणि त्या दाटीतच भुंगा फोफावतो.

मोजणीत अळ्या जास्त निघाल्या आणि त्या लहान असतील तर निंबोळी अर्क वापरा. ५ किलो कुटलेली निंबोळी रात्रभर पाण्यात भिजवा, कापडातून पिळून गाळा, २०० ग्रॅम साबण मिसळून १०० लिटर करा आणि त्याच दिवशी फवारा. तंबाखूच्या अळीसाठी एनपीव्ही, म्हणजे अळीला रोग लावून मारणारा विषाणूही मिळतो. उन्हाने तो निकामी होतो, म्हणून संध्याकाळी मारा. मोठ्या अळ्यांवर निंबोळीचा फारसा जोर चालत नाही.

रासायनिक औषध लागलंच तर सोयाबीनसाठी शिफारस असलेलं एकच घ्या आणि लेबलवरच्या मात्रेतच वापरा. दुकानदार तीन बाटल्या एकत्र करून "पक्का रिझल्ट" सांगेल; ते ऐकू नका. मास्क, हातमोजे घालूनच फवारणी करून घ्या, मग मजूर नको म्हणाला तरी. पुन्हा गरज पडली तर औषधाचा रासायनिक गट बदला, तेच औषध परत नको. आणि दोन-तीन दिवसांनी गोणी घेऊन परत त्याच ओळींत जा.