सायकलच्या जीपीएसवर हवा तो नकाशा

मुळशीकडून ताम्हिणी घाटाकडे जाताना आतल्या गावरस्त्याला वळले, की ज्यात केवळ ढोबळ मूळ नकाशा आहे अशा जीपीएसवर मार्गाची नुसती रेघ उरते. त्यासाठी ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशावर आधारलेला, मार्ग शोधून देणारा मोफत नकाशा ‘आयएमजी’ स्वरूपात उतरवून घ्यावा. नकाशे दाखवणारे गार्मिन एज (गार्मिन कंपनीचे सायकलसाठीचे जीपीएस उपकरण) केबलने संगणकाला जोडून ती फाइल, ओळखू येईल असे नाव देऊन, ‘गार्मिन’ फोल्डरमध्ये ठेवावी. मग नकाशाच्या सेटिंगमध्ये ती चालू करून त्याच भागाचे इतर नकाशे बंद करावेत, नाहीतर रस्ते एकमेकांवर चढून दिसतात. संपूर्ण देशापेक्षा आपल्यापुरता पट्टा घेतलेला बरा, कारण ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बहुधा चालत नाही. फोल्डरमधील मूळ फाइली मात्र पुसू नयेत.